गावच्या तलावाच्या भरावावर ओल आलीय, काय करावं?

माळशिवार:
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

गाव साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला बाहत्तरच्या दुष्काळात बांधलेला तलाव आहे. मातीचा भराव, उंची साधारण 11 मीटर, लांबी 240 मीटर. माझ्या आईनं त्या भरावावर मुरमाच्या पाट्या टाकल्यात. सुकडीवर दिवस काढून बांधलेला तलाव म्हणून तिचा त्याच्यावर जीव. यंदा तो तुडुंब भरलाय, सांडवा वाहतोय, विहिरींना पाणी आलंय, सगळा गाव खूश आहे.

परवा बैलांना गवत कापायला भरावावर गेलो. गावाकडच्या उतारावर, पायथ्यापासून पुरुषभर वर, घोंगडीएवढा पट्टा ओला दिसला. पाय ठेवला तर चप्पल रुतली. तिथून बारीक धार निघून पायथ्याच्या चरात उतरते. मागच्या वर्षी हे नव्हतं, पण मागच्या वर्षी तलाव अर्धाही भरला नव्हता.

दोन कार्यालयांत फोन केला. पहिल्यानं सांगितलं तलाव आमच्याकडे नाही, दुसऱ्यानं सांगितलं त्यांच्याकडेच आहे. भरावाखाली आमची वस्ती आहे, 34 उंबरे, शिवाय प्राथमिक शाळा. रात्री पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की उठून बसतो. ही ओल धोक्याची आहे का, आणि आम्ही गावकऱ्यांनी काय करायचं?

बांधकरी:
दादा, मातीचं धरण पाझरतंच. आमच्या तलावाखाली गेली वीस वर्षं ओल आहे, तिथं अळू लावलंय. पाझर तलाव तर पाझरण्यासाठीच बांधतात, नाहीतर खालच्या विहिरींना पाणी कुठून येणार? उगाच घाबरू नका.

परशुरामभूमी:
बांधकरी, असं सरसकट म्हणू नका हो. मी चिपळूणचा. 2 जुलै 2019 च्या रात्री आमच्या तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. तेही मातीचंच धरण होतं. गळती होतेय हे गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. "पाझरतंच" हा शब्द तिथेही बोलला गेला असणार. दुसऱ्या दिवशी नदीकाठी उभा होतो. जिथं आदल्या आठवड्यात अंगणं पाहिली होती तिथं नुसते गोटे होते. माळशिवार, तुम्हाला झोप लागत नाही तेच बरोबर आहे.

रानजाई:
तिवऱ्याच्या वेळी मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं ना? खेकडे खरंच धरण फोडू शकतात का?

गाभा_आणि_मुरूम:
32 वर्षं लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर होतो, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो.

रानजाई, खेकडे, घुशी, उंदीर भरावात बिळं करतात हे खरं आहे. म्हणूनच पावसाळ्याआधी भरावावरून चालत बिळं शोधायची आणि माती ठासून बुजवायची हे देखभालीचं पहिलं काम. बीळ एका दिवसात धरण फोडत नाही. ते वर्षानुवर्षं कुणी बुजवलं नाही, तेव्हा पाण्याला वाट मिळते.

आता मूळ प्रश्न. बांधकरी आणि परशुरामभूमी दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगळ्या ओलीबद्दल बोलताहेत. मातीच्या भरावाच्या मधे काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरूम. गाभ्यातून थोडं पाणी येणारच. ते मुरमातून खाली उतरून पायथ्याच्या दगडी भागातून चरात पडावं अशी रचना असते. पायथ्याला निवळशंख पाणी, दरवर्षी तेवढंच, याची भीती नाही. बांधकरींचं अळू बहुतेक अशाच ओलीवर आहे.

पण उतारावर, पायथ्याच्या वर, नव्यानं ओल येणं वेगळं. पाणी ज्या वाटेनं यायला हवं ती सोडून आडवं येतंय. त्यात गढूळपणा असेल तर ते पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय. आत नळी तयार होते, ती खालून वर तलावाकडे सरकत जाते. बाहेरून भराव धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ होत असतो. ती नळी तलावाला भिडली की मग हातात तास-दोन तास असतात, कधी तेवढेही नसतात.

माळशिवार, आजच्या आज एवढं करा. काचेची पांढरी बाटली धुऊन त्या धारेचं पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी माती बसली का ते बघा. दुसरं, धारेखाली 15 लिटरची बादली लावून किती सेकंदांत भरते ते मोजा. तिसरं, त्याच वेळी तलावाची पातळी बघा, सांडव्याच्या भिंतीवर चुन्यानं फूट-इंचाच्या खुणा करून घ्या. तिन्ही गोष्टी वहीत लिहा, सकाळ-संध्याकाळ. पातळी तीच असताना धार वाढली तर तो इशारा आहे.

आणि एक, कुणी कितीही सांगितलं तरी ती धार बाहेरून चिखल लावून बुजवू नका. पाणी कोंडलं की आत दाब वाढतो आणि ते दुसरीकडून जास्त जोरात फुटतं.

बांधकरी:
साहेब, आमच्याकडे बरोबर तेच करतात, धार दिसली की चिखलाचा गोळा. आज कळलं. माझं आधीचं वाक्य मागे घेतो.

मुठाकाठ:
आई शनिवार पेठेत राहायची. 12 जुलै 1961 ची गोष्ट ती आजही एका दमात सांगते. पानशेतचं धरण मातीचं होतं, विमोचकाचं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या वाटेचं, काम अपुरं असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं होतं. भराव खचायला लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी पानशेत फुटलं आणि तो लोंढा खाली आल्यावर दगडी खडकवासलाही टिकलं नाही. आई सांगते, अर्ध्या पेठेला वाटत होतं ही अफवा आहे, लोक चहा घेत बसले होते. म्हणून सांगते माळशिवार, तलावाला काही होवो न होवो, वस्तीनं कोणत्या वाटेनं कुठे जायचं हे आधी ठरवा.

माळशिवार:
सगळ्यांचे आभार. बाटली भरून खिडकीत ठेवलीय. मुलीनं तिच्यावर "पिऊ नये, धरणाचं आहे" अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी बादली 55 सेकंदांत भरली. पातळीच्या खुणा उद्या करतो.

झाडीपट्टी:
इकडं भंडारा-गोंदियात, चंद्रपुरात मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. काही दोन-तीनशे वर्षांचे. कोहळी लोकांनी बांधलेले, सगळे मातीच्या पाळीचे. सांडव्याला आम्ही सलंग म्हणतो, पाणी सोडायच्या दाराला तुडूम. हे तलाव इतकी वर्षं टिकले कारण गावाची माणसं पाळीवर राबत होती. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर फावडं मारणारा माणूस गेला. आमच्या गावच्या पाळीवर आता पळसाचं रान माजलंय.

रानजाई:
पण झाडं असलेली बरी ना? मुळं माती धरून ठेवतात.

गाभा_आणि_मुरूम:
डोंगरउतारावर धरतात ताई, धरणाच्या भरावावर उलटं होतं. बाभळीचं, पळसाचं मूळ ओलाव्याच्या शोधात थेट गाभ्यापर्यंत जातं. झाड वठलं किंवा कुणी तोडलं की मूळ आत कुजतं आणि मनगटाएवढी पोकळ नळी राहते. वादळात झाड उन्मळलं तर भरावाचा लचकाच निघतो. भरावावर हरळी हवी. ती उतार धरते आणि आत जात नाही. रोपटं पेराएवढं असतानाच उपटायचं. झाड मोठं झालं असेल तर पावसाळ्यात हात लावू नये, उन्हाळ्यात मुळासकट काढून खड्डा थराथरानं ठोकून भरायचा.

सांगोलेकर:
गाळ काढण्याचं विषयांतर करतो. आमच्या तलावातून तीन वर्षं गाळ काढला, माझ्या दोन एकरांवर टाकला, डाळिंब बदललं. गाळ काढायची सरकारी योजना आली तेव्हा देव भेटल्यासारखं झालं.

गाभा_आणि_मुरूम:
विषयांतर नाही हे. गाळ काढा, जरूर काढा, पण भरावाच्या आतल्या पायथ्याला लागून नको. तिथं बसलेला गाळ तलावाच्या तळाला लिंपणासारखा असतो. पोकलेनवाला जवळची माती आधी उचलतो कारण डंपरला फेरी कमी पडते. लिंपण गेलं, खालचा मुरूम उघडा पडला की पुढच्या पावसाळ्यात पाणी पायाखालून निघतं. मूळ जमिनीच्या पातळीखाली तर अजिबात खणू नये.

सांगोलेकर:
आमच्याकडे अगदी भिंतीच्या कडेनंच काढलाय. पहिल्या वर्षी खालच्या ओढ्याला उन्हाळाभर पाणी राहिलं म्हणून लोकांनी नारळ फोडला. उद्याच बघून येतो.

माळशिवार:
बाटलीच्या तळाशी माती बसली आहे. फार नाही, अंगठ्याच्या नखाएवढा थर, तपकिरी. आणि सकाळी बादली 38 सेकंदांत भरली. काल संध्याकाळी 55 होती. रात्री पाऊस नव्हता, तलाव तेवढाच आहे. हात कापतोय लिहिताना.

परशुरामभूमी:
भाऊ, वस्तीला सांगा. आजच. म्हातारी माणसं आणि लहान मुलं रात्रीपुरती वरच्या आळीत झोपू देत. 1077 हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे, तिथं फोन करा. तलाव कुणाचा हे शोधत बसू नका, ते त्यांना ठरवू दे.

कारकुनी_कामकाज:
तलाव कुणाचा ते शोधायचा सोपा मार्ग सांगतो. सिंचनक्षेत्र 100 हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, 101 ते 600 हेक्टर असेल तर मृद व जलसंधारण विभाग. तुमचा 11 मीटरचा भराव बहुतेक जिल्हा परिषदेचा निघेल. तोंडी बोलू नका. ग्रामपंचायतीच्या पत्रावर लिहा, बादलीचे आकडे आणि फोटो जोडा, आवक शिक्का मारून पोच घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. त्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं थेट येतात. 10 ते 15 मीटरमधली तेव्हाच, जेव्हा माथ्याची लांबी 500 मीटर किंवा साठा 10 लाख घनमीटर असेल, किंवा पूर फार मोठा, पाया अवघड, रचना वेगळी असेल. तुमच्यासारखे हजारो तलाव त्या चाळणीतून खाली पडतात. त्यामुळे या छोट्या तलावांकडे कुणी आपणहून बघायला येईल याची वाट बघू नका. मला याचा फार त्रास होतो, कारण माणसं याच तलावांखाली राहतात.

गाभा_आणि_मुरूम:
माळशिवार, परशुरामभूमींनी सांगितलं ते आधी करा. मग हे वाचा.

एक आकडा मला खटकतोय. तलाव तेवढाच, पाऊस नाही, मग संध्याकाळी 55 आणि सकाळी 38 कशामुळे? नुसता पाझर असा दिवसा-रात्री बदलत नाही. ओल्या पट्ट्याच्या सरळ रेषेत भरावातून कुणाची पाइपलाइन गेलीय का? आणि तुमच्याकडे शेतीची लाइट या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची?

माळशिवार:
लाइट रात्री 10 ते सकाळी 6 आहे.

आणि पाइप आहे. आमच्याच चुलत्यांचा. सहा वर्षांपूर्वी भरावाच्या माथ्याखाली चर मारून तीन इंची पाइप टाकलाय. मोटार तलावात, पाणी खालच्या शेततळ्यात. ओल बरोबर त्याच रेषेत आहे. हे मला सुचलंच नाही, त्यांची पाइप टाकताना मी स्वतः पहार धरली होती.

मुठाकाठ:
चुलते ऐकतील का?

माळशिवार:
गेलो होतो. आधी रागावले, म्हणाले भरावातून पाइप सगळ्यांचेच आहेत, मग माझ्यावरच का. खरंच आहे ते, मोजले तर सात निघाले. मी काही बोललो नाही, बाटली पुढे ठेवली. काकूंनी उचलून उजेडात धरली, तळाची माती बघितली आणि काकांना म्हणाल्या, शाळेत आपला नातू बसतो. काकांनी स्वतः जाऊन फ्यूज काढला.

झाडीपट्टी:
काकूंना नमस्कार सांगा.

गाभा_आणि_मुरूम:
छान झालं. रात्री मोटार चालली की बहुतेक पाइपातून पाणी भरावात गळत होतं, म्हणून सकाळी धार जास्त. पण पाइप आता ओढून काढू नका, कितीही वाटलं तरी. तलाव भरलेला असताना भरावात चर उघडणं म्हणजे पाण्याला दार उघडून देणं. मोटार बंद, आतल्या अंगाचं तोंड टोपणानं पक्कं बंद. काकांना पाणी हवंच असेल तर पाइप माथ्यावरून न्यावा. जुना पाइप उन्हाळ्यात तलाव उतरल्यावर खणून काढायचा, आणि चर काळ्या मातीनं भरायचा. वीतभराचा थर, ओल अशी की मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये, मग ठोकणी, मग पुढचा थर.

तोपर्यंत धारेच्या जागी आधी वाळू पसरा, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती अडवायची. आणि सांडवा बघून या.

माळशिवार:
सांडवा वाहतोय ना साहेब.

गाभा_आणि_मुरूम:
वाहतोय ते कळलं. पूर्ण रुंदीनं वाहतोय का ते बघा. मातीचं धरण माथ्यावरून पाणी सोसत नाही, दगडी धरण थोडं सोसतं. 1979 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत मच्छू नदीवरचं दुसरं धरण गेलं, मोरबी शहर बुडालं. दारांतून जाईना एवढं पाणी आलं आणि बाजूच्या मातीच्या भरावांवरून वाहिलं. छोट्या तलावाला सांडवा हा एकच सुटकेचा मार्ग असतो.

माळशिवार:
बघून आलो. मासेमारीचा ठेका घेतलेल्यांनी मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर आडवी जाळी लावलीय. तिला पाचोळा, प्लास्टिक, एक अख्खी बाभळीची फांदी अडकून बांध तयार झालाय. शिवाय कुणीतरी सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूची पोती ठेवलीत, पाणी अजून फूटभर साठावं म्हणून. सांडवा निम्म्याच रुंदीनं चालू होता.

बांधकरी:
पोती आमच्याकडेही ठेवतात राव. आपल्याला वाटतं फूटभर पाणी जास्त मिळालं.

गाभा_आणि_मुरूम:
ते फूटभर पाणी भरावाच्या मोकळ्या उंचीतून कापलेलं असतं. एक मोठा पाऊस आला की तेवढीच उंची वाचवते. पोती काढा, पण सगळी एकदम नको, खालच्या ओढ्यात कुणी नाही ना बघून एकेक उचला. तलावाची पातळीही झपाट्यानं खाली आणायची नाही. आतला उतार भिजलेला असतो, पाण्याचा आधार एकाएकी गेला की तो घसरतो.

धारवाला:
मी मध्य प्रदेशात नोकरीला असतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या धार जिल्ह्यात कारम नदीवरचं नवं मातीचं धरण गळायला लागलं. पहिल्याच वर्षीचं पाणी होतं. 18 गावं रिकामी केली, बाजूनं पोकलेननं चर खणला आणि 14 ऑगस्टला पाणी वाट काढून सोडलं. शेती गेली, पण एकही माणूस गेला नाही. धरण वाचलं नाही तरी माणसं वाचवता येतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माळशिवार:
चार दिवस नेटवर्क आणि पाऊस दोन्हींमुळे लिहिता आलं नाही.

जाळी काढली, ठेकेदार स्वतः आला होता. पोती काढली. पाणी उंबऱ्यापर्यंत सात इंच उतरलं. 1077 वर फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी शाखा अभियंता आले, चांगला तरुण मुलगा होता, वही बघून म्हणाला असे आकडे आम्हाला कुणी देत नाही. वाळू-खडीचं काम त्याच्या देखरेखीखाली केलं, वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस होता. आई 76 वर्षांची आहे, भरावावर चढू नको म्हटलं तरी एक पाटी वाळू घेऊन आलीच. तिला कुणी अडवलं नाही.

बाकीचे सहा पाइप उन्हाळ्यात काढायचा ठराव ग्रामसभेत झालाय. दोघांनी विरोध केला, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. वस्ती अजून दोन आठवडे रात्री वरच्या आळीतच झोपणार. शाळा मारुतीच्या देवळात भरतेय.

आणि सांगोलेकर, तुमच्या तलावाचं काय झालं?

सांगोलेकर:
गेलो होतो. आतल्या पायथ्याला लागूनच दहा-बारा फूट खोल खड्डे आहेत, पाण्याखाली. बाहेर पायथ्याला तीन ठिकाणी पाणी येतंय, दिसायला स्वच्छ आहे. आज बाटल्या भरल्या. गाभासाहेब, उद्या सकाळी तीन बाटल्यांचे फोटो टाकतो, बघाल का?

गाभा_आणि_मुरूम:
टाका. सहा वाजता उठलेलो असतो. पातळी पण लिहा.

माळशिवार:
आजचे आकडे, नोंद म्हणून. सकाळी सात वाजता: बादली 71 सेकंद, पातळी सांडव्याच्या उंबऱ्यापासून 1 इंच वर. बाटलीत माती नाही. संध्याकाळी सहा वाजता: बादली 70 सेकंद, पातळी तीच. उद्यापासून मोजायला काका येणार आहेत.